बैलाला बेंदूर आहे!

आषाढातला बेंदराचा दिवस होता. राधानगरीच्या बाजूला आषाढातला पाऊस कसा असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून पटावयाचे नाही. पाऊस घटकाभर उघडला होता. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात मी उभा होतो. बैलांना आंघोळ घातलेली होती, शिंगे रंगविली होती. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली होती. जुवाने घट्टा पडलेल्या खांद्यांना हळद लावून ते चोळले होते. आज त्यांच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, ही इथली रीत. कितीही घाईचे काम निघाले, तरी आजच्या दिवशी बैल जुंपणाऱ्या माणसाला गाव नाव ठेवते.

त्याच घराच्या सोप्यात, खांबाला टेकून, घरचा थोरला मुलगा मोबाइल फोनवर मान वाकवून बसला होता. तो माझा जुना विद्यार्थी. सकाळी रात्रपाळी संपवून आला होता; दुपारी बारापर्यंत त्याला कॉलेजचा स्वाध्याय पाठवावयाचा होता, आणि रेंज येत-जात होती. आईने पोळीचे ताट शेजारी आणून ठेवले होते, ते निवत होते. मी विचारले, "सणाचा दिवस आहे, जेवून तरी घे की." मान वर न करता तो म्हणाला, "सर, अभ्यास नको वाटत न्हाई, खरं झोप आवरत न्हाई. जेवलो की मेलो."

गोठ्यात बैल रवंथ करीत होता आणि सोप्यात माणूस पेंगत होता. मला त्या घटकेला जी शरम वाटली तिचे कारण मी लेखाच्या अखेरीस सांगणार आहे. तूर्त एवढेच म्हणतो, की ज्या मुलखात बैलाच्या विसाव्याला सणाची प्रतिष्ठा आहे, त्याच मुलखात शिकणाऱ्या आणि राबणाऱ्या पोराच्या विसाव्याला 'टाइमपास' म्हणतात. हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे.

प्रथम एका आक्षेपाला वाट करून देतो. पदवीच्या शिक्षणाविषयी बोलणारा हा कोण, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. दहावीनंतर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि तेवढ्या शिदोरीवर एका खाजगी शाळेत वीस वर्षे मुलांना रेघा ओढावयास शिकवीत आलो. रात्री दिव्यापाशी कादंबऱ्या लिहिल्या. मध्यंतरी मीही घरी बसून पदवी घेण्यासाठी नाव नोंदविले होते. पुस्तकांचा गठ्ठा आला. त्याची सुतळी मी वर्षभर सोडली नाही. तेव्हा या विषयात मी पंडित नव्हे, नापास झालेला उमेदवार आहे. आणि नापास झालेल्याला प्रश्नपत्रिका कोठे अडली, हे पुष्कळदा पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक आठवते.

हल्ली या विद्यार्थ्यांना उपदेश करणाऱ्यांचे पीक उदंड आले आहे. 'अभ्यास, नोकरी आणि विरंगुळा यांचा समतोल साधा', हा त्या उपदेशाचा पालुपदासारखा येणारा भाग. पहाटे उठा, वेळापत्रक भिंतीला लावा, कामांची यादी करा, प्रवासात व्याख्याने ऐका. वाचावयास हे सुंदर वाटते. पण उपदेशकाने पाटीपेन्सिल घेऊन बेरीज केली आहे काय? मी केली. वाचकांनीही माझ्याबरोबर करावी. गणित चौथीचे आहे.

आठवड्याचे तास १६८. हे राजालाही तेवढेच आणि रंकालाही तेवढेच. २०२३ साली देशाने जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा स्वीकारला, त्यात एका शैक्षणिक वर्षाला ४० श्रेयांक आणि ४० श्रेयांकांना १,२०० तासांचे अध्ययन, असा हिशेब धरलेला आहे. म्हणजे आठवड्याला सुमारे २३ तास. हा आकडा माझा नव्हे, शिक्षण देणाऱ्यांचाच आहे. आता राधानगरीच्या पोराचे उदाहरण घ्या. कोल्हापूर येथून सुमारे ५० किलोमीटर. तिकडच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत तो कामाला आहे. रोज आठ तासांप्रमाणे सहा दिवसांचे ४८ तास. जाण्यायेण्याचे रोजचे तीन धरले तर १८. झोप सात तास धरली, आणि यात मी काही चैन धरलेली नाही, तर ४९. आंघोळ, जेवण, कपडे यांचे रोजचे दोन, म्हणजे १४. घरची जनावरे, वैरण, उसाला पाणी, दुधाच्या संस्थेत दूध घालणे यांचे रोजचे दोन, म्हणजे आणखी १४. अभ्यासाचे २३. बेरीज १६६.

उरले किती? आठवड्याचे दोन तास. दिवसाला सतरा मिनिटे.

या सतरा मिनिटांत त्याने मित्राशी बोलावयाचे, बहिणीच्या सासरची विचारपूस करावयाची, गावातल्या मयताला जावयाचे, तापाने अंथरुणाला खिळावयाचे, एस. टी. चुकली तर वाट पाहावयाची, आणि दाजीपूरच्या बाजूला ढग उतरून रेंज गेली तर ती परत येईपर्यंत देवाचे नाव घ्यावयाचे. एवढे करून समतोलही साधावयाचा! ज्या तराजूच्या एका पारड्यात १६६ आणि दुसऱ्यात २, त्याला समतोल म्हणणारा माणूस बाजारात उभा राहिला असता तर गिऱ्हाइकांनी त्याला चोप दिला असता.

आणि वर ऐका. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास मुभा दिली. मुभा ही सक्ती नव्हे, हे मला समजते. ज्याला सवड आहे त्याने तीन घ्याव्यात. पण नोकरीच्या बाजारात मुभेची सक्ती व्हावयास फार दिवस लागत नाहीत. दोन पदव्यांचे म्हणजे वर्षाचे २,४०० तास, आठवड्याचे ४६. आमच्या पोराची दोन तासांची शिल्लक जाऊन एकवीस तासांचे कर्ज होईल. ते तो झोपेतून फेडील. दुसरे तारण त्याच्यापाशी नाही.

येथे वडीलधारी मंडळी हात वर करतात. "आम्ही नाही का शिकलो? कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहांत पोरे शेतात राबत नव्हती काय? त्यांनी कुठे विरंगुळा मागितला?" हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. भाऊराव पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचे नाव मिळाले. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मंत्र. कष्ट केल्यावाचून विद्या नाही, हे त्यांनी दाखवून दिले, आणि त्यांच्यापुढे माझे मस्तक नम्र आहे.

परंतु त्या योजनेची रचना काय होती, ते पाहा. मुलाला काम कोणी दिले? संस्थेने. वर्ग कोणी भरविला? संस्थेने. जेवणाची घंटा, झोपण्याची घंटा कोणाची? संस्थेचीच. सगळ्या जातींची पोरे एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवत. ज्या हाताने खुरपे दिले त्याच हाताने पुस्तक दिले. म्हणून खुरप्याचा तास वाढला तर पुस्तकाचा घटतो, हे त्या हाताला कळत होते. विद्यार्थ्याच्या दिवसाला एक धनी होता आणि तो धनी बापासारखा होता.

आजच्या विद्यार्थ्याचे धनी तीन. एक कारखानदार, एक विद्यापीठ आणि एक घर. या तिघांची एकमेकांशी ओळखदेख नाही. कारखान्याच्या मुकादमाला परीक्षेची तारीख ठाऊक नाही. विद्यापीठाला दुसरी पाळी आणि तिसरी पाळी म्हणजे काय, याचा पत्ता नाही. घरच्यांना दोन्हींपैकी कशाचेच सोयरसुतक नाही. पोरगे घरात आहे म्हणजे रिकामे आहे, एवढेच त्यांना दिसते. प्रत्येक जण आपला हक्क सांगतो आणि उरलेल्या दोघांशी तडजोड करण्याचे काम पोरावर टाकतो. कर्मवीरांनी जो भार संस्थेच्या खांद्यावर घेतला, तो आपण अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ठेवला आहे आणि वर त्यालाच कर्मवीरांचे नाव ऐकवतो. हे कर्मवीरांचे स्मरण नव्हे, त्यांच्या नावाची हुंडी दुसऱ्याच्या खात्यावर वटविणे आहे.

आमच्या राधानगरीला तर हे विसरण्याचा मुळीच अधिकार नाही. हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी वसविले. त्यांच्या कन्येच्या नावाने ते ओळखले जाते. महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उघडीत नेली. कशासाठी? खेड्यातला मुलगा घरी राहून शिकेल तर शेत त्याला गिळील, हे त्यांनी ओळखले होते म्हणून. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंड पालकाला, मुलाला नव्हे! 'बाळा, शेतकाम आणि शाळा यांचा समतोल साध', असा उपदेश महाराजांनी सात वर्षांच्या मुलाला केला नाही. मुलाचा वेळ ज्यांच्या ताब्यात होता त्यांना त्यांनी धरले. सत्ता ज्याच्या हाती, जबाबदारी त्याच्या माथी, ही त्या राजाची नीती.

त्याच राजाने भोगावतीवर आमचे धरण बांधावयास घेतले. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी एका पातळीला आले की ते आपसूक उघडतात. कोणाला अर्ज करावा लागत नाही. दर पावसाळ्यात 'किती दरवाजे उघडले' हे वर्तमानपत्रांत छापून येते आणि पंचगंगेकाठची गावे ते वाचून सावध होतात. दगडमातीच्या भिंतीलासुद्धा सोसण्याची हद्द असते हे जाणून ज्यांनी दरवाजे ठेवले, त्यांच्या मुलखात जिवंत मनाला एकही दरवाजा ठेवू नये काय?

आता विरंगुळ्याकडे येतो, कारण खरा वाद तेथेच आहे. अभ्यास हवा हे सगळे मानतात, नोकरी हवी हेही मानतात. विरंगुळा मात्र उरला तर द्यावयाचा, जसे पंगत उठल्यावर उरलेले वाढप्याला. आमच्या भाषेत 'रिकामा' या शब्दाची जेवढी नाचक्की झाली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या शब्दाची झाली असेल. रिकामा म्हणजे रिकामटेकडा, रिकामटेकडा म्हणजे उडाणटप्पू. परंतु याच भाषेत 'विसावा' हाही शब्द आहे. आळंदीहून पंढरीला निघालेली पालखी वाटेत विसाव्याला थांबते. तो विसावा आधी ठरलेला असतो. रिंगण होते, फुगड्या होतात, म्हातारेकोतारे उड्या मारतात. पंढरपूर लांब आहे म्हणून रिंगण रद्द करा, असे म्हणणारा वारकरी मला कोणी दाखवावा. दूर जावयाचे आहे म्हणूनच थांबावे लागते, हे ज्ञान आमच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनी शतकानुशतके पायांनी जपले आहे. शिकलेल्यांनी ते घालविले.

शिकलेल्यांना परदेशचा दाखला लागतो, तोही देतो. इंग्रजीतल्या 'स्कूल' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ 'फुरसत' असा होता. पोटाच्या धावपळीतून सुटलेला जो वेळ, त्यात माणूस विचार करतो, वाद घालतो, शिकतो. म्हणून फुरसतीचेच नाव पुढे शाळेला मिळाले. अर्थात त्या ग्रीकांची फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती, हेही सांगितले पाहिजे. आपल्याला तशी फुरसत नको. आपल्याला ती हवी जी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळविली.

लोखंडे यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असावे तेवढे ठळक नाही. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी. मुंबईच्या गिरण्यांत मजूर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि त्यांना आठवड्याची सुटी नव्हती. लोखंड्यांनी त्यांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपला पहिलाच करार केला तो आठ तासांच्या दिवसाचा आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याचा. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याची तीच अठ्ठेचाळीस तासांची हद्द घालून दिली आणि आठवड्याला एक दिवस सुटीचा ठरवून दिला. या एका रविवारासाठी माणसांच्या पिढ्या झगडल्या.

आज त्या रविवाराचे काय झाले आहे? रविवारी स्वाध्याय, रविवारी संपर्कवर्ग, रविवारी परीक्षा. गिरणीमालकाच्या हातून लोखंड्यांनी जो रविवार सोडवून आणला, तो आपण शिक्षणाच्या नावाने परत केला. मालकाने घेतला असता तर संप झाला असता. शारदेने घेतला, म्हणून कोणाला बोलता येत नाही.

यावर एक टोमणा हमखास येतो. "अहो मास्तर, ही पोरे दोन-दोन तास मोबाइलवर चित्रफिती बघत लोळतात. त्यांना वेळ नाही कसा?" खोटे नाही. मीही पाहतो. परंतु ज्याला आपण विरंगुळा म्हणतो तो हा नव्हे. सोळा तास शिणलेला माणूस अंथरुणावर पडतो, झोप यावयाची असते पण डोके थांबत नाही, आणि बोट आपोआप सरकत राहते. तहानेने व्याकूळ झालेला माणूस डबक्याला तोंड लावतो, म्हणून त्याला डबके आवडते असे म्हणाल काय? आणि हे पाहा, की त्या एकाच यंत्रात त्याचा मुकादम आहे, त्याचा प्राध्यापक आहे आणि त्याचा तमाशाही आहे. शेतकरी नांगर बांधावर ठेवून घरी येतो. उंबऱ्यात पाय धुतो आणि शेत बाहेर राहते. या पोराला उंबराच नाही. सिनेमा बघता बघता पाळी बदलल्याचा निरोप येतो, व्याख्यान ऐकता ऐकता लग्नाची चित्रे येतात. त्याचे काम कधी संपत नाही, म्हणून त्याचा विसावा कधी सुरू होत नाही.

मी आतापर्यंत पोरगा पोरगा म्हणत आलो. आता पोरीकडे वळतो, आणि येथे माझी बेरीज साफ कोलमडते. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन वरच्या अंगाच्या एका वाडीत नांदते. तिनेही पदवीसाठी नाव नोंदविले आहे. पहाटे शेणघाण, दूध, चूल, दिवसा शेत, संध्याकाळी पुन्हा दूध, पुन्हा चूल. मी तिला विचारले, "अभ्यास केव्हा करतेस?" ती हसली. म्हणाली, "सर, फोन माझा न्हाई, मालकांचा हाय. ते झोपल्यावर घेते." तिच्या श्रमाला कोणी आठ तासांची हद्द घातलेली नाही, कारण तिच्या श्रमाला कोणी श्रमच म्हणत नाही. तिला रविवार नाही, बेंदूरही नाही. उलट बेंदराला तिला पुरणाचा घाट वेगळा. समतोलाचे पुस्तक लिहिणाऱ्याने एकदा तिच्यापुढे उभे राहून ते वाचून दाखवावे.

"मग काय, हे दूरचे शिक्षण बंद करावयाचे म्हणता?" नाही, त्रिवार नाही! माझ्या म्हणण्याचा असा विपर्यास होऊ नये. हे दार उघडावयास शंभर-दीडशे वर्षे लागली आहेत. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, ते नोकरी करणाऱ्या तरुणांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. सकाळी वर्ग, मग कचेरी. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने टपालाने शिक्षण देणे सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघाले, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद, आणि ज्यांची बारावीसुद्धा झाली नव्हती अशा माणसांसाठी त्याने पूर्वतयारीची पायरी बांधली, हे त्याचे उपकार महाराष्ट्र विसरणार नाही. २०१७ साली 'स्वयम्' आले. वाडीवरच्या त्या माझ्या मुलीला याखेरीज दुसरे दार नाही. ते बंद करा म्हणणारा मी कोण?

परंतु गंगा घरोघरी आली म्हणजे काम संपले, असे नव्हे. घरात ती ठेवावयास घागर हवी. ती घागर म्हणजे वेळ. जोतीराव रात्री शिकवीत होते, सिद्धार्थमध्ये सकाळी शिकवीत होते, कारण शिकणाऱ्याच्या दिवसात रिकामी जागा कोठे आहे हे शोधून तेथे त्यांनी आपला वर्ग बसविला. आजचे शिक्षण म्हणते, मी चोवीस तास हजर आहे, तू केव्हाही ये. ऐकावयास हे औदार्य वाटते. पण 'केव्हाही' याचा अर्थ गरिबाच्या घरी 'कधीच नाही' असा होतो. शाळेची घंटा वाजली की आईसुद्धा म्हणते, जा बाबा. केव्हाहीची घंटा वाजत नाही. म्हणून वैरण आधी, पाहुणे आधी, पाळी आधी, आणि अभ्यास सर्वांत शेवटी.

नुसती टीका करून थांबणे मास्तराला शोभत नाही. फळ्यावर चूक दाखविली तर उत्तरही लिहावे लागते. मी चार गोष्टी मागतो. यांतली एकही अशक्य नाही.

पहिली: प्रवेशाच्या अर्जावर शुल्काचा आकडा छापतात तसा तासांचा आकडा छापावा. 'या अभ्यासक्रमास आठवड्याला २३ तास लागतील. आपण नोकरी करीत असल्यास तो तीनऐवजी पाच वर्षांत पुरा करावा', असे स्वच्छ लिहावे, आणि सावकाश जाणाऱ्याला नापासाच्या रांगेत उभे करू नये.

दुसरी: जो कारखाना, जी पतसंस्था, जे दुकान शिकलेला कामगार मागते, त्याने शिकणाऱ्या कामगाराला परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा द्यावी आणि परीक्षेच्या महिन्यात त्याची पाळी बदलू नये. पदवीचा फायदा मालकाला होणार असेल तर तिची किंमत एकट्या नोकराने आपल्या झोपेतून का मोजावी?

तिसरी: प्रत्येक मोठ्या गावात ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या इमारतीत एक खोली असावी. दिवा, रेंज, चार बाकडी आणि दोन तासांची ठरलेली वेळ. बायकांसाठी वेगळी वेळ. त्या खोलीला घंटा असावी, खरीखुरी, पितळेची. ती वाजली की सासूनेही म्हणावे, जा बाई.

चौथी: आठवड्यातला एक दिवस विद्यापीठाने आपल्या हाताने बंद ठेवावा. त्या दिवशी स्वाध्यायाची मुदत नाही, व्याख्यान नाही, निरोप नाही. बेंदूर समजा त्याला.

आता त्या शरमेचे कारण सांगतो आणि लेखणी ठेवतो.

सोप्यात पेंगणारा तो माझा विद्यार्थी पखवाज वाजवीत असे. शाळेत असल्यापासून त्याचा हात चांगला. गावच्या भजनी मंडळात दर गुरुवारी रात्री तो बसे. तीन तास, फार तर साडेतीन. पदवीला नाव घातले त्या वर्षी तो माझा सल्ला घेण्यास आला. मी, ज्याने स्वतः सुतळी सोडली नव्हती, त्याला ऐटीत म्हणालो, "तीन वर्षे पखवाज खुंटीला अडकव. वेळेचा हिशेब कर. पदवी झाली की जन्मभर वाजव." गुरूचा शब्द म्हणून त्याने ऐकले. गुरुवारचे ते तीन तास अभ्यासाला मिळतील, असा माझा हिशेब होता. ते मिळाले नाहीत. ते तास झोपेत गेले, त्याच चित्रफितींत गेले, कशात गेले हे त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तो बसला नाही. बेंदराला मी पाहिला तो स्वाध्याय त्याने पाठविलेला शेवटचा.

आठवड्यातले तीन तास काढून घेतले तर बाकीचे एकशे पासष्ट मोकळे होतात, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्या तिनांच्या बळावर तो बाकीचे एकशे पासष्ट ओढीत होता. बैलवाल्या माझ्या शेतकरी मित्राला हे समजते. तो बेंदूर चुकवीत नाही. मला, वीस वर्षे मास्तर असून, समजले नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. म्हटले, "माझे चुकले. पखवाज खाली काढ." त्याने काढला. वादी ढिली पडली होती, शाई उडाली होती. दुरुस्तीला कोल्हापुरास न्यावा लागेल म्हणाला. सुटी मिळाली की नेणार आहे. सुटी केव्हा मिळेल, ते मी विचारले नाही.